उषा, नवाल आणि माझं बदललेलं मत

खेळाडूनं राजकारणाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, असं माझं ठाम मत होतं. नाशिक जिल्ह्यातल्या शाळांमधून शारीरिक शिक्षण शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. हे मत मी मैदानावर, शिक्षकांच्या बैठकांत आणि घरच्या जेवणाच्या ताटावरही बोलून दाखवलं. आज ते तसं राहिलेलं नाही. ज्या मुलींना मी ते वर्षानुवर्षं ऐकवलं, त्यांतल्या काही आज चाळिशीच्या आहेत, काही गावच्या कारभारात आहेत. ते मत मी चारचौघांत सांगत आले, तेव्हा ते का बदललं हेही चारचौघांतच सांगायला हवं.

या मताच्या मुळाशी पी. टी. उषा होती.

माझ्या पिढीतल्या मुलींना ती काय वाटायची, हे आजच्या मुलींना समजावून सांगणं अवघड आहे. गल्लीत कुणी जरा जोरात पळालं, तर म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची, ‘काय पी. टी. उषा लागून गेलीस का?’ केरळातल्या पय्योलीची ही मुलगी 1976 मध्ये कन्नूरच्या क्रीडा विभागात दाखल झाली, तिथं ओ. एम. नंबियार सरांच्या नजरेस पडली, आणि 1980 साली सोळाव्या वर्षी मॉस्कोच्या ऑलिंपिकमध्ये धावली. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत तिला 100 आणि 200 मीटरमध्ये रौप्यपदकं मिळाली. 1985 मध्ये जकार्तात आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं पाच सुवर्णं आणि एक कांस्य मिळवलं. पुढच्याच वर्षी सोलच्या आशियाई स्पर्धेत चार सुवर्णं आणि एक रौप्य. एकाच बाईनं 100, 200, 400, अडथळे आणि रिले असं सगळं पळायचं, तेही दोन-चार दिवसांच्या अंतरानं, याचा अर्थ काय होतो, हे ज्यानं एका दुपारी दोन हीट पळल्या आहेत त्यालाच कळेल.

पण आम्ही तिला ओळखतो ते न मिळालेल्या पदकामुळं. 8 ऑगस्ट 1984, लॉस एंजेलिस. महिलांची 400 मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. उषानं तोवर ही शर्यत बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा पळलेली होती. उपांत्य फेरीत तिनं 55.54 सेकंदांत अमेरिकेच्या जुडी ब्राउनला मागं टाकलं. अंतिम फेरीत ती झकास सुटली, तर ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूकडून फॉल्स स्टार्ट झाला आणि सगळ्यांना परत ब्लॉकवर यावं लागलं. दुसऱ्यांदा ती तशी सुटली नाही. मोरोक्कोची नवाल एल मुतवाकेल 54.61 सेकंदांत पहिली, जुडी ब्राउन 55.20, रुमानियाची क्रिस्तिएना कोजोकारू 55.41 आणि उषा 55.42. एक शतांश सेकंद. त्या वेगानं हे अंतर साधारण सात सेंटिमीटर भरतं. रेषेवर छाती पुढं झोकायला ती क्षणभर कमी पडली. ‘लीन कर, लीन कर’ म्हणून मी पोरींच्या मागं लागायचे, त्याच्यामागं ही सात सेंटिमीटर होती.

तिथल्या मुक्कामात आपल्याला जुळणारं जेवण नव्हतं, भाताची पेज आणि लोणच्यावर दिवस काढले, असं उषानं नंतर सांगितलं आहे. सात सेंटिमीटर आणि पेज या दोन गोष्टी मी बाजूबाजूला ठेवते, तेव्हा मला आजही राग येतो. त्या वेळी मात्र या रागातून मी एवढाच निष्कर्ष काढला की खेळाचा कारभार ही घाण जागा आहे आणि आपल्या मुलींनी तिच्यापासून लांब राहावं.

मताला बळ देणारे दाखलेही होते. ज्योतिर्मयी सिकदर या 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतल्या 800 आणि 1500 मीटरच्या सुवर्णपदक विजेतीनं 2004 मध्ये मार्क्सवादी पक्षाकडून कृष्णनगरची लोकसभेची जागा जिंकली. 2009 मध्ये ती हरली, पुढं तृणमूलमध्ये गेली, मग भाजपमध्ये. मैदानावर जिचं पाऊल कधी वाकडं पडलं नाही, तिला मी पक्षापक्षांतून फिरताना पाहिलं आणि मनाशी म्हटलं, बघा.

जुलै 2022 मध्ये राष्ट्रपतींनी उषाला राज्यसभेवर नेमलं. इळैयाराजा, वीरेंद्र हेगडे आणि विजयेंद्र प्रसाद यांच्याबरोबर. डिसेंबरात ती भारतीय ऑलिंपिक संघटनेची बिनविरोध अध्यक्ष झाली, त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई. माझ्या जुन्या विद्यार्थिनींचे आनंदानं फोन आले. मला आनंद झाला नाही. आणि मग 2023 चा एप्रिल आला. लैंगिक छळाची तक्रार घेऊन जंतरमंतरवर बसलेल्या महिला कुस्तीपटूंबद्दल उषा म्हणाली की त्यांनी रस्त्यावर यायला नको होतं, ही बेशिस्त आहे, यानं देशाची प्रतिमा मलिन होते. काही दिवसांनी, 3 मे रोजी, ती त्यांना भेटायला गेली आणि पाठिंबा देते म्हणाली. पण पहिलं वाक्य बोलून झालं होतं. जिच्या पोटात ऑलिंपिकच्या मुक्कामात पेज होती, तिनं रस्त्यावर झोपलेल्या मुलींना शिस्त सांगावी, हे मला फार लागलं. माझं मत त्या आठवड्यात जितकं पक्कं झालं तितकं त्याआधी कधीच नव्हतं.

ते सुटायला लागलं त्याच उन्हाळ्यात, आणि त्याची सुरुवात त्याच शर्यतीपासून झाली.

मन कडू झालेलं होतं, म्हणून मी लॉस एंजेलिसबद्दल जे मिळेल ते पुन्हा वाचत बसले होते. आजवर माझी नजर कायम तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर खिळलेली असायची. पहिल्या आलेल्या मुलीचं पुढं काय झालं, हे मी कधी धड पाहिलंच नव्हतं. नवाल तेव्हा बावीस वर्षांची होती, अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात शिकत होती. मोरोक्कोला ऑलिंपिकचं पहिलं सुवर्ण तिनं मिळवून दिलं, आणि मुस्लिमबहुल देशातल्या कुठल्याही बाईचं ते पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण होतं. 1993 मध्ये तिनं कासाब्लांकात बायकांची सामूहिक दौड सुरू केली. ज्या शहरात बाईनं रस्त्यावरून पळणं हीच बातमी होती, तिथं पुढं हजारो बायका त्या दौडीत उतरू लागल्या. 1997 मध्ये ती राज्यमंत्री झाली, 2007 ते 2009 युवक आणि क्रीडा खात्याची मंत्री. मधल्या काळात, 1998 मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची सदस्य, 2012 मध्ये उपाध्यक्ष. रिओ ऑलिंपिकच्या तयारीवर देखरेख करणाऱ्या समितीची प्रमुखही तीच होती.

म्हणजे त्या एका शर्यतीतल्या पहिल्या आणि चौथ्या, दोघीही पुढं सत्तेच्या जागी गेल्या. एकीचं जाणं मला खुपत होतं, दुसरीचं वाचताना ऊर भरून येत होता. राजकारण हेच जर वाईट असेल, तर मला दोघींबद्दल सारखंच वाटायला हवं होतं.

पण पुस्तकातल्या गोष्टीनं माणूस फार तर विचारात पडतो. मत बदलायला गावातली गोष्ट लागली.

निफाड तालुक्यातल्या एका गावी मी काही वर्षं होते. शाळेला मैदान म्हणून जी जागा होती ती गायरानातली. चुन्याची फक्की मारून आम्ही तिथं 200 मीटरचा ट्रॅक आखायचो. आमच्या भागात कांदा निघाला की तो साठवायला चाळ लागते, आणि चाळीला मोकळी, वाऱ्याची जागा लागते. एका वर्षी ट्रॅकच्या दुसऱ्या वळणावर एक कांदाचाळ उभी राहिली. तात्पुरती म्हणून उभारलेली, ती तिथंच राहिली. पुढच्या सगळ्या तुकड्या वळण सोडून सरळ पळायच्या. 400 मीटर पळणाऱ्या मुलीला वळणाचा सराव नाही म्हणजे तिला अर्धी शर्यतच शिकवली नाही. वळणावर आतल्या खांद्याला किती झुकायचं, बाहेरचा हात किती मोकळा सोडायचा, हे सरळ रस्त्यावर शिकवता येत नाही. मी अर्ज केले. प्रत्येक अर्जाची पोच मिळाली. चाळ हलली नाही, आणि माझी बदली झाली.

तिथली एक मुलगी शालेय स्पर्धांत राज्य पातळीपर्यंत 400 मीटर पळाली होती. लग्न होऊन ती गावातच राहिली आणि सरपंचपदाच्या थेट निवडणुकीत महिला राखीव जागेवर निवडून आली. तिनं मला ग्रामसभेला बोलावलं. मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यावर सभा होती. बायका एका कडेला, पदर सावरून बसलेल्या. ही उभी राहिली ती हातात मोजणीचा नकाशा घेऊन. गायरानाचा गट नंबर वाचला, क्षेत्र वाचलं, शाळेकडं किती, मोकळं किती, हे वाचलं. मग शांतपणे विचारलं, ‘या नकाशात चाळ कुठं आहे ते कुणी दाखवतं का?’ चाळ तिच्या चुलत सासऱ्यांची होती. त्यांनी तोंड फिरवलं. ग्रामसेवक कागदात डोकं घालून बसले. एक-दोघांनी ‘घरचं घरात मिटवा’ म्हणून पाहिलं. तिनं ठराव मांडला, आणि हात वर झाले ते आधी बायकांच्या कडेचे.

पावसाळ्याआधी चाळ निघाली. त्या घराशी तिचं जाणं-येणं तुटलं, आणि एका लग्नात तिला निमंत्रणही नव्हतं. हे तिनं मला फोनवर अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि पुढं म्हणाली, ‘बाई, वळण मोकळं झालंय. पोरी आणा.’

शाळेत असताना तिला मीच सांगितलं होतं की पळ, शीक, नोकरी धर, पण या लोकांच्या नादी लागू नको. तिनं ऐकलं नाही म्हणून त्या गावच्या मुलींना आज पूर्ण ट्रॅक आहे. तिच्या त्या फोननंतर मी जुनं वाक्य पुन्हा कुणापुढं उच्चारलेलं नाही.

एकदा नजर बदलली की मागच्या गोष्टीही वेगळ्या दिसायला लागतात. आमच्या कविता राऊतचंच घ्या. त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं सावरपाडा हे तिचं गाव, हरसूलच्या बाजूचं. अनवाणी पळणारी आदिवासी मुलगी विजेंदर सिंग सरांच्या हाताखाली नाशकात आली, भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर घडली आणि ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ झाली. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं 10,000 मीटरमध्ये 33 मिनिटं 5.28 सेकंदांत कांस्य मिळवलं. 1958 मध्ये कार्डिफला मिल्खासिंगनं सुवर्ण जिंकलं, त्यानंतर राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर भारताला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक पदक, आणि भारतीय बाईचं तर पहिलंच. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. 2012 मध्ये अर्जुन पुरस्कार. त्या दिल्लीच्या स्पर्धेच्या आयोजन समितीचे अध्यक्ष होते पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी, भारतीय ऑलिंपिक संघटनेचेही तेच अध्यक्ष. आपल्या राज्यात कुस्ती, कबड्डी, क्रिकेट, कुठल्याही खेळाच्या संघटनेची पाटी वाचा, वर पुढाऱ्याचं नाव सापडतं. राजकारण मैदानावर कधीचंच येऊन बसलेलं होतं. बाहेर राहण्याचा उपदेश तेवढा आम्ही पळणाऱ्यांना करत होतो, आणि करणाऱ्यांत मी पुढं होते.

पदक मिळाल्यानंतर अनेक वर्षांनी, 2024 मध्ये, कविताला जाहीरपणे बोलावं लागलं की राज्य शासनाच्या सेवेत थेट नियुक्तीची आपली मागणी अजून पडून आहे. इतरांना मिळालं ते मला का नाही, असा तिचा सरळ सवाल होता. मी तो वाचला तेव्हा मला माझे अर्ज आणि त्यांच्या पोचा आठवल्या. सावरपाड्याच्या पोरीनं कायम अर्जदारच का असावं? सही करणारी का असू नये?

आता उषाबद्दल. तिच्याबद्दलही मला पूर्वीपेक्षा जास्त न्यायानं बोलायचं आहे. 2000 मध्ये पळणं थांबवल्यावर तिनं कोझिकोड जिल्ह्यात धावण्याची शाळा काढली. त्या शाळेतून टिंटू लुका आली, जिनं 800 मीटरचा 1 मिनिट 59.17 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. ऑलिंपिक संघटनेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीवरून कार्यकारिणी तिच्याविरुद्ध उभी राहिली, पण ती मागं हटली नाही. सप्टेंबर 2023 मध्ये महिला आरक्षणाच्या विधेयकावर राज्यसभेत चर्चा झाली, तेव्हा सभागृह चालवण्यासाठी नेमलेल्या महिलांमध्ये ती होती. 2025 मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा आला. क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीत उत्तम कामगिरी केलेले खेळाडू आणि महिला असल्याच पाहिजेत, असं त्यात आहे. त्याच्या बाजूनं ती सभागृहात बोलली. हे काम काही लहान नाही.

तरी जंतरमंतरचं वाक्य मी विसरलेले नाही, आणि विसरायचंही नाही. फक्त त्याचं कारण मला आता वेगळं दिसतं. उषाला राज्यसभेत कुठल्या मतदारानं पाठवलेलं नव्हतं. ऑलिंपिक संघटनेतही ती बिनविरोध आली. रस्त्यावर बसलेल्या मुलींना तिच्या दारात जाऊन ‘आम्ही तुला निवडून दिलंय, उत्तर दे’ असं म्हणायची सोयच नव्हती. त्याच मुलींपैकी विनेश फोगट पुढच्या वर्षी हरयाणात जुलान्यातून विधानसभेला उभी राहिली आणि 6,015 मतांनी निवडून आली. आता तिच्या दारात लोक जातात, पाण्याचं, रस्त्याचं विचारतात, आणि तिला उत्तर द्यावं लागतं. थाळीफेकीतली कृष्णा पुनिया राजस्थानात 2013 मध्ये पडली, 2018 मध्ये आमदार झाली, 2023 मध्ये पुन्हा पडली. पूर्वी मी याला फरपट म्हटलं असतं. आज मला ते धावपटूच्या स्वभावाला धरूनच वाटतं. हीटमध्ये बाद झालेली मुलगी पुढच्या मोसमात परत येते, तसंच लोकांपुढं पुन्हा उभं राहणं हे.

संघटनेच्या दारानं आत जाणाऱ्यांचाही मार्ग आहे. मुंबईचे आदिल सुमारीवाला मॉस्कोत 100 मीटर पळले, आणि 2012 पासून बारा वर्षं भारतीय ॲथलेटिक्स महासंघाचे अध्यक्ष राहिले. ज्यानं स्वतः ब्लॉकवर पाय रोवलेत त्याला ट्रॅक कशाला म्हणतात हे सांगावं लागत नाही. पण संघटनेची मतं संघटनेतच फिरतात. गावच्या मैदानाचा विषय तिथं कुणी काढत नाही. तो ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत आणि जिल्हा परिषदेत निघतो. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या, आणि बहुतेक मुलं पहिल्यांदा शर्यत पळतात ती त्याच शाळांच्या आवारात. नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढं वर्षानुवर्षं तिथं प्रशासकच कारभार पाहत राहिले. त्या काळात एखाद्या शाळेचं मैदान गेलं, तर जाब कुणाला विचारायचा होता?

माझ्या जुन्या मतातलं एक मी अजूनही सोडलेलं नाही. पदकाच्या झगमगाटात कुठल्या पक्षानं तिकीट पुढं केलं, तर ते घेऊ नये. पळणं संपू दे, दोन-चार वर्षं आपल्या गावात, आपल्या मैदानावर काम होऊ दे, ग्रामसभेत चार लोकांशी वाकडं घेऊन पाहा, आणि मग उभं राहा. नेमणूक आली तर ती नाकारायची ताकद ठेवावी, असंही मला वाटतं. हे फार मागणं आहे, याची मला कल्पना आहे. पण या मुलींकडून आम्ही पहाटे पाचला थंडीत यापेक्षा जास्त मागत आलो आहोत.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत राज्य पातळीवर पळालेल्या मुली गावोगाव आहेत. काहींनी स्पाइक्स ट्रंकेत ठेवून दिल्यात, काही अजून पहाटे घाटात पळतात. त्यांना माझं सांगणं आहे: पुढची निवडणूक लागेल तेव्हा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावानं नको, स्वतःच्या नावानं अर्ज भरा. आणि वाचणाऱ्यांना विनंती: तुमच्या गणात, तुमच्या गटात अशी एखादी उभी राहिली, तर हार घालून, पदकांबरोबर फोटो काढून परत पाठवू नका. शाळेच्या मैदानाचं ती काय करणार आहे ते तिला विचारा, आणि उत्तर पटलं तर मत द्या.